पाद्रीबाबाची सुट्टी

आमच्या गावातल्या माजी सैनिकांना एक रोग आहे. जे हलत नाही, त्याला चुना फासायचा. झाडाचे बुंधे, पाण्याची टाकी, शाळेची पायरी, रस्त्याच्या कडेचे धोंडे, काही म्हणून सुटत नाही. खाली गेरू, वर चुना, आणि मधली रेघ दोरी धरल्यासारखी सरळ. आमचे हे सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि या रोगाचे पुढारी झाले. एकदा मी अंगणात पाटा धुऊन वाळत टाकला होता, तर परत येईपर्यंत त्याच्या कडेला गेरूचा पट्टा! मी बोलायचं ते बोललेच. हे म्हणाले, “अगं, किती झ्याक दिसतोय बघ की.” आता या माणसापुढं काय डोकं आपटायचं?

कराडहून कोयनानगरच्या रस्त्याला लागलं की आमचं गाव येतं. घरटी एक माणूस फौजेत, आणि उरलेले ऊस बघतात. गावाच्या शिवेवर, जुन्या रस्त्याला, कमरेएवढा एक उभा दगड आहे. त्यालाही दर दिवाळीच्या आधी गेरू-चुना व्हायचा. कितीक पिढ्या व्हायचा, कुणास ठाऊक. थरावर थर चढून त्या दगडाला अंग आलं होतं. त्याला आम्ही पाद्रीबाबा म्हणतो.

गोऱ्यांच्या राज्यात इथं शिबंदीची छावणी होती म्हणे. शिबंदी म्हणजे काही मोठी पलटण नव्हे, आसपासच्या गावांतले गडी गोळा करून उभी केलेली फौज. तिच्याबरोबर एक गोरा पाद्री असायचा. प्रार्थना साहेब लोकांपुरती, बाकी वेळ हा बाबा आमच्या लोकांचे सुट्टीचे अर्ज लिहून द्यायचा आणि ते मंजूर व्हावेत म्हणून साहेबाशी भांडायचा. कुणाचं लगीन, कुणाचा बाप आजारी, कुणाची पेरणी. तो इथंच वारला आणि दगड उभा राहिला. एवढंच आम्हाला माहीत. एवढं पुरलंही.

कारण फौजीच्या घरात देवाकडं मागायचं दुसरं असतं काय? धनदौलत नको, गाडी नको. सुट्टी मिळू दे, बास. म्हणून आमच्या गावात एक रीत पडली. माणूस सुट्टी संपवून परत जाताना जुन्या बुटाची एक नाडी घरात ठेवून जातो. पुढं त्यानं सुट्टीचा अर्ज टाकला, की घरातली बाई ती नाडी दगडाभोवतीच्या लोखंडी गजाला बांधून येते. तो आला की स्वतःच्या हातानं सोडतो.

मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. चंद्रग्रहणात पोरांना मुद्दाम भाकरी खायला लावणारी बाई मी. तरी ह्यांच्या नोकरीभर नाड्या बांधत आले. माझ्या मुलाच्या जन्माच्या वेळी हे पाचव्या दिवशी आले होते, त्याच्या लग्नाएवढा आनंद मला त्या दिवशी झाला. नाही मिळाली सुट्टी तर आम्ही बायका बाबाला दोष देत नसू. साहेबच खवट होता म्हणायचं. बाबाचं काम अर्ज पोचवायचं.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. माझा मुलगा तेव्हा वर उत्तरेला बर्फात होता आणि सूनबाईला आठवा सरत आलेला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत, पण हिचं माहेर सांगलीजवळ माधवनगरला, आणि हिची आई गुडघ्याचं ऑपरेशन होऊन खाटेवर. ती बिचारी लेकीला काय बघणार? म्हणून ही आमच्याकडंच राहिली. पोरगी शांत. माझं तोंड सुरू झालं की दोन तासांत बंद पडायचं नाही, आणि हिचं सुरू व्हायलाच दोन तास लागायचे. मुलानं सुट्टीचा अर्ज टाकला त्या दिवशी ही स्वतः पोट सांभाळत गेली आणि नाडी बांधून आली. मी म्हटलं, “मी गेले असते की गं.” तर म्हणाली, “नवरा माजा हाय न्हवं, आई?”

त्याच सुमाराला पंचायतीनं ठरवलं, की पाद्रीबाबापाशी माहितीचा फलक लावायचा. झेंडावंदनाच्या दिवशी उद्घाटन. मजकूर कुणी लिहायचा? बाईंनी. गावात कुठंही काही लिहायचं असलं की बाई. मी म्हटलं, लिहिते, पण आधी दगड खरवडा. आत काही कोरलेलं असेल तर ते वाचल्याशिवाय मी ऐकीव गोष्टी ग्रॅनाइटवर लिहिणार नाही.

हे खवळलेच. “परवा दिवाळीलाच रंगवलाय!”

“म्हणूनच खरवडा. एवढ्या वर्षांत अक्षरांवर चुना फासलात, आणि तोही रेघ मारून!”

चार माजी सैनिक बसले एका सकाळी, तारेचे ब्रश आणि पाणी घेऊन. पापुद्रे निघत गेले, पांढरा, तांबडा, पांढरा, तांबडा. सूनबाई चहा घेऊन आली तोवर इंग्रजी अक्षरं दिसायला लागली होती. सगळे आपोआप उभे राहिले. हे तर सावधानच! मी चष्मा पुसला, गुडघे टेकले आणि एकेक ओळ वाचून मराठीत सांगू लागले.

शिबंदीचा पाद्री. शिपायांचा आणि साहेबांचा सारखाच मित्र. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्यासाठी लिहिणारा. ही शिळा शिपायांनी आपल्या पगारातून उभी केली. चौघांच्या माना डोलत होत्या. “आपल्या लोकांनी केलीया व्हय रं!” एकजण दुसऱ्याला म्हणाला. आमच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्ट खरी निघाली होती. मला लय बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग खालच्या दोन ओळी राहिल्या होत्या, मातीच्या अगदी लगत. मी बोटानं माती काढली आणि मनात वाचल्या.

लिहिलं होतं, की जिला त्यानं कधी पाहिलं नव्हतं त्या आपल्या तान्ह्या मुलीकडं जाण्यासाठी मागितलेल्या रजेची वाट पाहत तो इथंच वारला.

माझ्या पाठीमागं, दोन हातांवर, सूनबाई उभी होती. पोटावर हात ठेवून.

“फुडं काय हाय, बाई?” एकानं विचारलं.

“झिजलंय,” मी म्हणाले. “अक्षर लागत नाही.”

आयुष्यात मी इतकं गुळगुळीत खोटं कधी बोलले नव्हते. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या गावाला माहीत, म्हणून कुणाला शंकासुद्धा आली नाही. बाई म्हणतात झिजलंय म्हणजे झिजलंय. पण दगड उघडा राहिला तर उद्या कुणीतरी चष्मेवाला येऊन वाचणारच की. मी तडक ह्यांच्याकडं वळले. “आता चुना मारून घ्या परत. उघडा दगड बरा दिसत नाही.”

हे माझ्याकडं बघतच राहिले. चाळीस वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदाच ह्यांना चुना लावायला सांगत होते. पण कारण विचारायच्या भानगडीत पडले नाहीत, हुकूम मिळाल्याचा आनंदच मोठा. संध्याकाळपर्यंत दगड पुन्हा पांढराधोप. घरी येताना मला आठवलं, की सूनबाईला मोबाईलवर फोटो काढताना मी पाहिलं होतं.

“दगडाचा फोटो काढलास का गं?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“काढलेला, पर हलला, आई. पुसून टाकला.”

सुटले, मी मनात म्हटलं.

सुटले कसली! त्या रात्रीपासून झोप माझी गेली. एरवी मी म्हणाले असते, एका दगडावरच्या ओळीत काय आहे? पण वेळ तशी होती. पोरगी पहिलटकरीण, आई जवळ नाही, नवरा बर्फात, आणि धीर कशावर धरून? तर त्या गजाला बांधलेल्या नाडीवर. तिला जर कळलं, की ज्याच्याकडं ती मागतेय त्याला स्वतःलाच मिळाली नाही, तीही मुलीला बघायला जायची, तर काय होईल तिच्या जिवाचं? हे दिवस कसे असतात मला ठाऊक आहे. एवढंसं काही मनाला लागलं की रक्तदाब चढतो. तिचा आधीच थोडा चढा होता, डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं होतं. म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची.

फलकाचा मजकूर मी लिहिला. शिबंदी, पाद्री, अर्ज, शिपायांनी उभारलेली शिळा, सगळं खरं. शेवटी लिहिलं, “येथेच त्यांचा अंत झाला.” तेही खरंच होतं म्हणा. पोरांच्या उत्तरपत्रिकेत असं अर्धं उत्तर दिसलं असतं तर मी लाल रेघ ओढली असती. मजकूर माधवनगरला सूनबाईच्या माहेराशेजारी राहणाऱ्या चाचांना मोबाईलवर पाठवला. ते पिढीजात पाट्या कोरणारे. त्यांच्या हातचं अक्षर म्हणजे बघत राहावं असं.

मुलाचा फोन दोन-तीन दिवसांनी यायचा. “साहेब बघू म्हणालेत.” मग, “माणसं कमी हायत, अजून न्हाई म्हणाले न्हाईत.” सूनबाई “बरं” म्हणायची आणि जेवायला बसायची. दोन भाकरी खायची, वर ताक. मी मात्र तिच्या चेहऱ्याकडं बघून घास चिवडत बसायचे. हे म्हणाले, “पोटुशी ती हाय का तू?”

आणि व्हायचं तेच झालं. पंधरा दिवस आधीच एका दुपारी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. ह्यांनी गाडी काढली. कराड येईपर्यंत मी सगळ्या देवांना कामाला लावलं. मलकापूरपाशी गाड्यांची ही रांग! हे खिडकीतून डोकं काढून पलटणीतल्या आवाजात असे ओरडले, की उसाचा ट्रॅक्टरवाला दोन ट्रॉल्यांसकट बाजूला झाला. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. सुखरूप. काळीभोर जावळं, आणि आल्या आल्या भोकाड असं पसरलं, की नर्स म्हणाली, “आजीवर गेलीय.” मला वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचा फोन आला. मुलगी झाली ऐकून तो रडला, हसला, पुन्हा रडला. मग म्हणाला, “सुट्टी न्हाई झाली अजून. बर्फानं वाट बी बंद हाय.” सूनबाईनं फोन कानाला धरून ऐकलं, म्हणाली, “जपून ऱ्हावा,” आणि फोन माझ्याकडं दिला. तिच्या डोळ्यांत टिपूस नाही. माझाच बांध फुटला. इतक्या दिवसांची जागरणं, भीती, सगळं एकदम वर आलं. मी पदर तोंडाला लावून तणतणले, “काय चाटायचाय तो दगड! एवढं धाडस करून पोरगी नाडी बांधून आली. पण तो तरी काय देणार म्हणा, त्याला स्वतःलाच...”

आणि जीभ चावली. पण उशीर झाला होता.

सूनबाईनं बाळावरची नजर हलवली नाही. म्हणाली, “त्येला सोताला बी मिळाली न्हाई. व्हय ना, आई?”

मी खुर्ची तिच्या खाटेजवळ ओढली.

“तुला कुणी सांगितलं?”

“फोटो हलला नव्हता. रात्री मोठा करून वाचला. मी बी बीएस्सी हाय की.”

“मग बोलली का नाहीस, मेले?”

“तुमच्यासाठी.” ती ओशाळून हसली. “तुमी लगीन झाल्यापासनं नाड्या बांधताय. म्हटलं, या वयात आईंचा इश्वास कशाला मोडा. त्यातनं रात्री तुमाला झोप लागत न्हवती, मी बघत हुते. म्हटलं, आईस्नी आणि हे बी कळलं तर हाय खातील.”

मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. एका घरात, एका ताटात जेवून, आम्ही दोघी तीच एक गोष्ट एकमेकींपासून जिवापाड लपवत होतो! मला असं हसू फुटलं, की आवरेना. तीही हसायला लागली आणि मग “आई गं, टाके!” म्हणून कळवळली, तरी हसतच राहिली. नर्स आली आणि दोघींना झापून गेली. आजीला अक्कल नाही म्हणाली. बरोबरच होतं तिचं.

हसू ओसरल्यावर मी विचारलं, “सगळं कळल्यावर नाडी का नाही सोडून आणलीस?”

“कशापायी?” ती म्हणाली. “उलट अजून एक गाठ मारून आले. ज्येला आपल्या लेकराचं तोंड बघाय मिळालं न्हाई, त्येच्यापरीस जास्त कळकळीनं दुसरं कोण बोलंल सायबाला?”

मी तिचा हात धरून बसले. तीस वर्षं फळ्यापुढं उभी राहिले, पण हे मला सुचलं नसतं. नंतर ती म्हणाली, “आई, फलकावर त्येच्या पोरीचं लिवलंय का?” मी नाही म्हणून मान हलवली. “मग लिवा की. त्या शिपायांनी आठवणीनं कोरलं, आणि आपुन गाळायचं?”

मी तिथल्या तिथं चाचांना फोन लावला. चाचा म्हणाले, “बाई, पाटी समदी कोरून झाली. खाली नक्षीच्या वर तेवढी एका ओळीची जागा हाय. एकच ओळ हां, नीट इचार करून सांगा.” आम्ही दोघींनी विचार केला. मी चार वाक्यं सांगितली, सगळी लांबलचक. शेवटी सूनबाईनंच बाळाला थोपटत सांगितली ती चाचांनी घेतली: “त्यांना एक मुलगी होती, तिला बघायला जायची सुट्टी त्यांना मिळाली नाही.” चाचांनी ओळ एकदा म्हणून बघितली. मग म्हणाले, “अक्षर जरा बारीक करतो, पर बशिवतो.”

मुलगा आला तो बाळ नऊ दिवसांचं असताना. बर्फाची वाट उघडली आणि साहेबानं सही केली, एकाच दिवशी. बाबानं केलं की हवेनं, ते मी ठरवत नाही. तो आला, दारातच बूट काढून हातपाय धुतले आणि पोरीच्या उशाशी मांडी घालून बसला.

झेंडावंदनाच्या दिवशी फलक लागला. सूनबाईचा सव्वा महिना व्हायचा होता, त्यामुळं तिला घराबाहेर पडायचं नव्हतं. बाळाला तर नाहीच नाही, असं माझं ठाम मत. थंडी, धूळ, दहा जणांची नजर. मी तयार होऊन बाहेर आले, तर मुलगा अंगणात उभा, छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं गाठोडं. आतून सूनबाईचा आवाज आला, “मीच धाडलंय, आई. ओरडू नगा.” मी पुढं होऊन बाळाचं टोपडं कपाळापर्यंत ओढून बसवलं.

ह्यांनीच फलक मोठ्यानं वाचला. एकेक शब्द खणखणीत, कवायतीला हुकूम द्यावा तसा. शेवटच्या ओळीपाशी आले आणि थांबले. ती ओळ ह्यांना आम्ही सांगितली नव्हती. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबले. मग हळू आवाजात, कशीबशी वाचली. जमलेले फौजी गडी खाली मान घालून उभे होते. जवळजवळ प्रत्येकाचं एखादं लेकरू त्याच्या गैरहजेरीतच जन्मलं होतं. कुणी टाळी वाजवली नाही.

मुलगा पुढं झाला. दगडासमोर उभा राहिला, क्षणभर घुटमळला, आणि हातातलं बाळ सावकाश त्याच्याकडं तोंड करून धरलं.

हे त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

“टोपडं मागं सरकव जरा,” ते म्हणाले. “तोंड दिसू दे त्यास्नी.”